आधी पाणी लिही, मग किल्ले

राजगड-तोरणा-रायगड करायचं म्हणतेस ना? कर. आईला मी समजावते, ती चिंता सोड. पण तू पाठवलेला तक्ता बघून मला हसू आलं. पहिला दिवस राजगड, दुसरा तोरणा, तिसरा रायगड. जणू एसटीचे थांबेच! अगं, डोंगरात मुक्काम किल्ल्यांवरून ठरत नाहीत, पाण्यावरून आणि उजेडावरून ठरतात. तो कागद बाजूला ठेव आणि दुसऱ्यावर आधी पाणी लिही.

राजगडावर पद्मावती माचीवर पाणी मिळतं. तिथून संजीवनी माची गाठून अळू दरवाज्यातून बाहेर पडलात की तोरण्यापर्यंतच्या सोंडेवर भरवशाचं पाणी नाही, असंच धरून चालायचं. तोरणा सारखा समोर दिसतो आणि तिथेच फसगत होते. पाठीवर सॅक असली की सहा-सात तास सहज जातात, आणि बुधला माचीचा चढ येतो तो नेमका पाय गळाल्यावर. मध्ये वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता आडवा येतो. तो लाल शाईने लिही. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला उलट्या सुरू झाल्या, तर इथून वेल्ह्याला जायचं. हे घरी बसून ठरवलं नाही, तर तिथे उन्हात उभं राहून वाद घालत बसाल.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ टाकं आहे. तिथून निघताना प्रत्येकाकडे चार लिटर पाणी हवं, कारण पुढच्या मुक्कामाचं गाव, मोहरी, खूप लांब आहे. वाटा ढोरांच्या नि धनगरांच्या. गवत माजलं की माणसांची कुठली आणि गुरांची कुठली, काही कळत नाही. मोबाईलमध्ये नकाशा असू दे, पण वाटाड्या घ्याच. त्याची मजुरी आधीच बोलून घ्या, त्याचा परतीचा दिवसही त्यात धरा, आणि शंभर-दोनशेसाठी घासाघीस करू नका. मोहरीत कुणाच्या तरी घरी जेवणाची सोय होते, पण निरोप आधी धाडा. पाच-सहा जणांचं पिठलं-भात रात्री आठला दारात उभं राहून मागणं बरं दिसत नाही. गडावर राहण्याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्याचीही चौकशी निघण्याआधी कर. राजगड आणि रायगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत. शनिवार-रविवारी तिथे निवांतपणा मिळेल अशी आशा धरू नकोस.

मोहरीहून कोकणात उतरायचं ते नाळेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून. तुमच्या तक्त्यात बोराट्याची नाळ आहे, कारण लिंगाण्याच्या सुळक्याचे सगळे देखणे फोटो तिथलेच. पण ती मोठाल्या धोंड्यांची आहे, आणि पुढे कड्याच्या पोटातून आडवं जावं लागतं. दृष्टीभय असलेलं एक जरी माणूस गटात असलं तरी तो नाद सोडा. पहिल्यांदा जाताय तर सिंगापूर नाळेनं दापोलीत उतरा. (ही समुद्राची दापोली नव्हे, रायगडाच्या बाजूचं छोटं गाव.) घसारा असतो, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात बसतो, म्हणून वाकडंतिकडं विखरून उतरू नका. आणि दुपारी तीननंतर नाळेत शिरायचंच नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, नाळेत त्याच्या कितीतरी आधी काळोख होतो.

एवढं मांडलंस की तुझं तुलाच दिसेल, हे तीन दिवसांचं काम नाही. चार काढ. रजा नसेल तर तोरण्यावरून वेल्ह्याला उतरून घरी या. तेवढाही पुरता ट्रेक आहे, त्यात कमीपणा कसला?

डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला आवडतो. टाक्यांत पाणी असतं, गवत बसलेलं असतं. फेब्रुवारी सरला की सोंडा तापतात आणि पाण्याचा हिशोब बिघडतो. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर नको, कड्याखाली धूर नको, आरडाओरडा नको.

सॅक भरून वजनकाट्यावर ठेव. पाण्यासकट दहा किलोच्या वर गेली तर काहीतरी बाहेर काढ. चार किलो तर पाणीच आहे. दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर एवढं दिवसा पुरतं. तीच भरलेली सॅक घेऊन सिंहगड आतकरवाडीतून चढ, आणि मुख्य म्हणजे उतर. सगळे चढायचा सराव करतात, पण गुडघे आणि मांड्या बोलतात त्या उतारावर. बूटही त्याच वेळी पायाला बसवून घे. आदल्या दिवशी पायाची नखं काप, नाहीतर नाळेत बोटं पुढे आपटून ती काळीनिळी पडतात.

आता गटातली मुलं तुला सांगणार नाहीत ते ऐक. सारखं आडोसा शोधावा लागू नये म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. असं करायचं नाही! डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, वर घरी आल्यावर लघवीची जळजळ, हे सगळं त्यातूनच येतं. तासा-दीड तासानं “थांबा, मी आले” असं मोठ्यानं म्हणायचं. एकदा म्हटलंस की दुसऱ्या वेळेपासून कुणी मान वर करून बघत नाही, आणि गटातल्या बाकीच्या मुलीही सुटकेचा श्वास सोडतात. टाक्यापासून चांगलं लांब जायचं. टाक्यात हातपाय बुडवायचे नाहीत, ते प्यायचं पाणी आहे. तेच पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून प्यायचं.

पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड घे, दगदगीत मागेपुढे होतं. पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीनं दिली म्हणून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून, जाड पिशवीत घट्ट बंद करून परत आणायचं. पुरायचं नाही, जनावरं उकरतात. आणि त्या दिवशी चालवत नसेल तर गटात एकाला तरी सरळ सांग. मुलगा असला तरी चालेल.

त्या पाण्याच्या कागदाची एक प्रत माझ्याकडे दे. रात्री कुठे, वाटाड्याचा नंबर काय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची, सगळं त्यावर. नाळेत रेंज नसते हे आईला तूच सांग, नाहीतर ती दुपारी दोनपासून मला फोन करत बसेल. आणि रायगडावरून उतरताना गुडघे फारच कुरकुरले तर रोपवे आहे. खुशाल बस. मुलांना हसू दे.