मूलपेशी आली कुठून? कॅथलिक चर्चचा खरा प्रश्न

आपल्या विदर्भात सिकलसेल हा शब्द आता समजावून सांगावा लागत नाही. सांध्यांच्या असह्य वेदना, वारंवार रक्त कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, हे सारे अनेक घरांनी पाहिले आहे. अशा मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर कधीतरी सांगतात की बोन मॅरो बदलल्यास हा आजार बरा होऊ शकतो. बोन मॅरो बदलणे म्हणजेच मूलपेशींचे, स्टेम सेलचे प्रत्यारोपण. घर कॅथलिक असेल तर लगेच शंका येते, 'स्टेम सेलला पोपचा विरोध आहे ना? मग आम्हाला हे चालेल का?' या शंकेपायी कोणाचा उपचार लांबणीवर पडू नये, म्हणून आजचा लेख.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. तांबड्या पेशीने प्राणवायू वाहायचा, स्नायूच्या पेशीने आकुंचन पावायचे. मूलपेशीचे तसे नसते. ती स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रकारच्या पेशींनाही जन्म देते. हाडांच्या पोकळीतील मगज, म्हणजे बोन मॅरो, हे रक्ताच्या मूलपेशींचे घर. बाळंतपणानंतर नाळेत राहिलेल्या रक्तातही त्या सापडतात. तिसरा स्रोत म्हणजे भ्रूण. गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातील पेशींपासून शरीरातील कोणतीही पेशी बनू शकते. १९९८ साली अमेरिकेत अशा मानवी पेशी प्रथमच प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या आणि वादाला तोंड फुटले. कारण त्या काढताना भ्रूण नष्ट होतो.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. २००१ साली अमेरिकन सरकारने ज्या भ्रूण मूलपेशींवरील संशोधनाला पैसा देण्याचे ठरवले, त्यांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचेही नाव होते.

चर्चचे म्हणणे

कॅथलिक चर्चचा विरोध मूलपेशीला नाही. पेशी कुठून आणली आणि त्यासाठी कोणाचा जीव गेला का, एवढाच तिचा प्रश्न आहे. व्हॅटिकनने १९८७ साली 'दोनुम वितए' या निवेदनात सांगितले की मानवी जीवाला गर्भधारणेच्या क्षणापासून माणूस म्हणूनच मान दिला पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात तेच ठामपणे मांडले. २००८ च्या 'दिग्नितास पर्सोने' या निवेदनात मूलपेशींचा स्पष्ट उल्लेख आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातून, जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून किंवा नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या गर्भातून मूलपेशी घेण्यास हरकत नाही. जिवंत भ्रूणातून घेणे मात्र गैर, मग हेतू कितीही चांगला असो.

यावर दुसरी बाजूही आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले भ्रूण शेवटी टाकूनच दिले जातात, तर त्यांच्यापासून रोग्यांचे भले का करू नये, असे अनेक शास्त्रज्ञ विचारतात. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा उरलेल्या भ्रूणांवर दात्या जोडप्याच्या संमतीने आणि चौदा दिवसांच्या मर्यादेत संशोधनाला परवानगी दिली आहे. चर्चचे उत्तर असे की, जो मरणारच आहे त्यालाही दुसऱ्याच्या फायद्यासाठी मारता येत नाही. हे कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण भूमिका नीट समजून घ्यावी.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशीसारखे बनवून दाखवले. त्यात भ्रूण लागत नाही. या कामासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या मार्गाने दोन्ही बाजूंमधले अंतर काही प्रमाणात कमी झाले.

सिकलसेलच्या घरासाठी

आता मूळ शंकेकडे वळू. सिकलसेलमध्ये होणारे बोन मॅरो प्रत्यारोपण चर्चला मान्य असलेल्या बाजूला येते. बहुधा दाता सख्खा भाऊ किंवा बहीण असते. भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढतात आणि दात्याच्या शरीरात तो काही आठवड्यांत भरून निघतो. दात्याला गंभीर इजा नाही, कोणाचा जीव जात नाही. अशा दानाकडे चर्च प्रेमाचे कृत्य म्हणूनच पाहते.

अडचण दुसरीच आहे. प्रत्येक सख्ख्या भावंडाचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय या उपचारात जंतुसंसर्गाचा आणि नव्या मगजाने शरीरावरच हल्ला करण्याचा धोका असतो, पुढे मूल न होण्याचीही शक्यता असते. म्हणून निर्णय रक्तरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

भावंड जुळत नसेल तर प्रयोगशाळेत अनेक भ्रूण तयार करून त्यातला जुळणारा निवडायचा आणि त्याच्या जन्मानंतर त्याचा मगज घ्यायचा, असाही मार्ग निघाला आहे. गुजरातमध्ये २०२० साली थॅलेसेमियाच्या एका मुलावर असा उपचार झाला. येथे मात्र चर्च नाही म्हणते, कारण न जुळणारे भ्रूण बाजूला टाकले जातात आणि मूल दुसऱ्याच्या उपयोगासाठी निवडले जाते. रुग्णाच्याच मूलपेशींमधील जनुक दुरुस्त करण्याच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. दुरुस्ती रुग्णापुरतीच राहते, पुढच्या पिढीत जात नाही, म्हणून अशा उपचाराला चर्चची तत्त्वतः हरकत नाही.

लक्षात ठेवा

१. लग्नाआधी दोघांनीही सिकलसेलची तपासणी करावी. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

२. प्रत्यारोपण शक्य नसले तरी हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, भरपूर पाणी, वेळेवर लसी यांनी त्रास बराच आटोक्यात राहतो. गोळ्या मनाने बंद करू नका.

३. 'स्टेम सेल'च्या नावाने मधुमेह, लकवा, गुडघेदुखी सारे बरे करतो, अशा जाहिरातींना भुलू नका. रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर वर सांगितलेल्या २०१७ च्या सूचनांनुसार मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त प्रयोगातच करता येतो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

तेव्हा मूलपेशीचे नाव निघाले की डॉक्टरांना आधी विचारा, 'पेशी कुठून आणणार?' कॅथलिक माणसाने हा प्रश्न श्रद्धेपोटी विचारावा आणि इतरांनी सावधगिरी म्हणून. नीट उत्तर मिळाले नाही, तर तिथून उठून यावे.