दाबाचा आकडा आणि गाळलेली तळटीप

तोफ डागल्यापासून गोळा मुखाबाहेर पडेपर्यंत नालीत जे घडते त्याचा अभ्यास म्हणजे अंतर्गत क्षेपणशास्त्र. या शास्त्रात दाबाचा आकडा कोणत्या साधनाने मोजला हे सांगितल्याखेरीज निरर्थक असतो, एवढे तरी एका संकलित ग्रंथाच्या संपादकांना ठाऊक असावे, ही प्रस्तुत लेखकाची अपेक्षा अवाजवी नव्हती.

दारू पेटताच वायूचा दाब शिखराला पोहोचतो आणि गोळा पुढे सरकून मागची पोकळी वाढत गेली की उतरू लागतो. हे शिखर टिपण्यासाठी एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबल यांनी वापरात आणलेल्या क्रशर मापकात वायू दट्ट्याला रेटतो, दट्ट्या तांब्याचा छोटा दंडगोल चेपतो, आणि तो किती चेपला यावरून दाब काढला जातो. मात्र त्यासाठीचा तक्ता तांबे सावकाश दाबून तयार केलेला असतो आणि नालीतला दाब मिलिसेकंदांत येऊन जातो, म्हणून हे वाचन खऱ्या शिखराहून कमी भरते. दाबाने विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे, म्हणजे दाबविद्युत मापकाचे, वाचन त्याहून वर जाते.

त्या ग्रंथासाठी दिलेल्या प्रस्तुत लेखकाच्या कोष्टकात या दोन मापकांची वाचने वेगळ्या स्तंभांत होती. संपादकांनी सुटसुटीतपणाच्या नावाखाली स्तंभ एकत्र केले, मापकाचे नाव सांगणारी तळटीप गाळली, आणि २,२४० पौंडांचा ब्रिटिश टन २,००० पौंडांचा अमेरिकी टन समजून सारे आकडे मेगापास्कलमध्ये उतरवले. परिणामी प्रति चौरस इंच १८ टन, म्हणजे सुमारे २७८ मेगापास्कल, हे २४८ असे छापले गेले. मुद्रिते दाखवण्याचे सौजन्यही कोणी केले नाही. छापील प्रतीत एकाच तोफेला, एकाच भाराला, दोन निरनिराळे दाब दिसले तेव्हा सारा प्रकार उघड झाला, आणि विचारणा केल्यावर सामान्य वाचकाला एवढा फरक जाणवत नाही, असे ऐकवण्यात आले. विसंगतीचा ठपका मात्र परीक्षणात लेखकावरच आला.

जुन्या तोफखान्याची दृष्टी याहून वेगळी होती. 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवरील ३८ टनी तोफ २ जानेवारी १८७९ रोजी फुटून ११ जण दगावले, तेव्हा ती चुकून दोनदा भरली गेली हा चौकशी समितीचा निष्कर्ष अनेकांना पटला नव्हता. म्हणून १८८० मध्ये वुलिच येथे जोडीची तोफ मुद्दाम दुहेरी भरून फोडण्यात आली. आकड्यामागची परिस्थिती हाच पुरावा असतो, हे त्या काळच्या तोफखान्याला कळत होते.

यास्तव संकलित ग्रंथांसाठी अशी कोष्टके देणाऱ्या लेखकांनी मापकाचे नाव तळटिपेत न ठेवता स्तंभाच्या शीर्षकातच घालावे, कारण जागा कमी पडली की पहिली कात्री तळटिपेवर चालते. टन लिहिताना पौंडांची संख्या प्रत्येक ओळीत द्यावी. आणि मुद्रिते पाहण्याचा हक्क करारात लेखी मागावा. हस्तलिखिताची प्रत जपून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको. शुद्धिपत्र पुढील आवृत्तीत देण्याचे आश्वासन मिळाले, तर ते या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींतच चिकटवण्याचा आग्रह धरावा.