मुकी जनावरे आणि आपली मुले



संत लूकच्या शुभवर्तमानातील गरीब लाजरस आपल्याला परिचयाचा आहे. श्रीमंताच्या दाराशी तो पडून असे आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटीत. गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगत असता एक मुलगा म्हणाला, "फादर, आमच्या गंजीतलं पिल्लूपण माझी जखम चाटतं." जवळ बोलावून पाहिले, तर मनगटावर दातांच्या दोन खुणा! चावून आठ दिवस झाले होते. घरी का सांगितले नाहीस, असे विचारताच तो म्हणाला, "बाबा मारतील आणि पिल्लू टाकून देतील."

त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. सर्व इंजेक्शने पुरी झाली, मुलगा ठणठणीत आहे. त्याचे उत्तर मात्र माझ्या मनातून जात नाही. मुलाने दया केली आणि तीच त्याला लपवावी लागली.

पालकहो, रेबीजचे विष लाळेत असते. चावा, ओरखडा किंवा उघडी जखम चाटणे, यांतून ते शरीरात शिरते आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जाते. याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. एकदा लक्षणे दिसली की रोगी वाचत नाही असेच समजावे. पण त्याआधी लस दिली तर तो वाचतो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी योसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला अशीच लस देवविली. म्हणून मुलाने चार दिवसांनी सांगितले तरी रागावू नका, त्याला घेऊन निघा. आज रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

चावताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, रॉकेल काही लावू नये, घट्ट बांधू नये. मग लगेच दवाखाना. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते डॉक्टरांना विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर जरूर ठेवा, पण तेवढ्यासाठी लस थांबवू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून काहींच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता महिनाभरात चार-पाच वेळा, तीही दंडात देतात.

मग मुलांनी मदत करूच नये काय? अवश्य करावी, पण हात न लावता. उन्हाळ्यात कुंपणाजवळ परळात पाणी ठेवावे व ते रोज बदलावे. भाकरी जमिनीवर ठेवून मागे सरावे, हातातून भरवू नये. खाणारे, झोपलेले, पिल्लांजवळचे कुत्रे यांच्या वाटेला जाऊ नये. जखमी जनावर दिसले तर मोठ्यांना हाक मारावी. वेदनेने कळवळणारे कुत्रे धन्यालाही चावते. अंगावर आले तर पळू नये, हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहावे. पडलेच तर गुडघे पोटाशी घेऊन कान व मान हातांनी झाकावी.

आता थोडे मोठ्यांसाठी. म्हैस किंवा वासरू लाळ गाळू लागले, गिळेनासे झाले, की घशात काही अडकले म्हणून आपण सरळ तोंडात हात घालतो. पिसाळलेले जनावरही तसेच दिसते. हात घालू नका, आधी पशुवैद्यांना बोलवा. त्याचे दूध वापरू नका. आणि गंजीत वाढलेले पिल्लू ठेवायचे असेल तर तीन महिन्यांचे होताच त्याला लस टोचून घ्या, पुढे दरवर्षी. त्या मुलाच्या वडिलांनी तसे केले. पिल्लू आता खळ्याची राखण करते.

पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे मोठ्यांनाही कळत नाही. आपण दोन मिनिटांत हात झटकतो. म्हणून येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चमागील नळावर मुलांकडून घड्याळ लावून हात धुववून घेणार आहे. प्रत्येकाबरोबर साबणाचा एक तुकडा पाठवावा.