संपादकाचे श्रम आणि कवितेचा पाठ : ‘काव्यरत्नावली’च्या निमित्ताने

पिंप्राळ्याहून जळगावात येणारा विद्यार्थी काव्यरत्नावली चौक ओळखतो. मात्र ज्या मासिकावरून हे नाव पडले, त्यामागील श्रमांची त्याला क्वचितच कल्पना असते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावहून सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुमारे पाच दशके चालले. जळगावात १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनामागेही फडणिसांचाच पुढाकार होता. वाङ्मयेतिहासात या कार्याची नोंद ‘कवींना व्यासपीठ दिले’ एवढ्यावरच थांबते. ही नोंद अपुरी आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

त्या काळातील पत्रकर्त्याचे काम लेखनापुरते नव्हते. ‘केसरी’ (१८८१) काढणारी मंडळी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत होती आणि छापखान्याचा भारही वाहत होती. पुण्यात ही स्थिती, तर जिल्ह्याच्या गावी मजकुराची निवड, मुद्रितशोधन, टपाल व वर्गणी यांचा भार बहुधा एक-दोघांवरच येई.

कवितेच्या बाबतीत यांतील मुद्रितशोधनाला विशेष महत्त्व होते. जुळारी एकेक खिळा हाताने जुळवी. खिळ्यावरील अक्षर उलटे असे. गद्यात ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर वाचक सहज सावरून घेतो. अक्षरगणवृत्तात मात्र त्या एका चुकीने गण बिघडतो, चरण मोडतो. म्हणजेच येथे मुद्रिते तपासणाऱ्याला छंदःशास्त्राचीही जाण हवी होती.

केशवसुत १९०५ मध्ये, तर बालकवी १९१८ मध्ये निवर्तले. दोघांचेही काव्यसंग्रह मरणोत्तर निघाले. त्यांच्या हयातीत त्यांची कविता प्रामुख्याने नियतकालिकांतूनच वाचकांपुढे आली. संग्रहातील पाठ नियतकालिकातील पाठाहून वेगळा आढळल्यास तो कवीचा बदल, संपादकाची दुरुस्ती की जुळाऱ्याची चूक, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. त्याचे उत्तर केवळ कवीच्या प्रतिभेत शोधणे पुरेसे नाही.

तेव्हा अभ्यासकाने जुना अंक हाती घेताना कवितेबरोबर मुद्रक, मुद्रणस्थळ व शुद्धिपत्र यांचीही नोंद करावी. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले होते. सरकारने देखरेखीसाठी घातलेले हे बंधन आज त्या अनामिक श्रमांपर्यंत पोहोचण्याची वाट ठरू शकते.