कुकी क्लिकर : आधी काय घ्यावे?

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत मी ‘कुकी क्लिकर’ हा २०१३ साली आलेला ऑनलाइन खेळ खेळतो. क्लिक केले की एक बिस्कीट मिळते. बिस्किटे साठवून, ती आपोआप बनवणारी साधने विकत घ्यायची. नवख्याला प्रश्न पडतो, आधी काय घ्यावे?

साधनाच्या किमतीला त्याच्या दर सेकंदाच्या उत्पादनाने भागा. वसुलीला किती सेकंद लागतील ते कळते.

कर्सर : १५ ÷ ०.१ = १५०
आजी : १०० ÷ १ = १००
शेत : ११०० ÷ ८ = सुमारे १३८

म्हणजे आजी सर्वांत फायद्याची. मात्र प्रत्येक खरेदीनंतर त्या साधनाची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. ही आपली भूमिती श्रेढीच. १.१५ चा पाचवा घात सुमारे २ येतो, म्हणून दर पाच खरेदींनंतर किंमत दुप्पट होते. अकरावी आजी सुमारे ४०५ बिस्किटांना पडते. त्यापेक्षा शेत परवडते.

सर्व आजींचे उत्पादन दुप्पट करणारी पहिली सुधारणा १००० बिस्किटांना मिळते. एकच आजी असेल तर वसुलीला १००० सेकंद, दहा असतील तर फक्त १००. म्हणून आधी आजी वाढवा, मग सुधारणा घ्या.

साधने वाढतात तशी वसुली लांबत जाते आणि हा खेळ कधी संपत नाही. म्हणून मी अर्ध्या तासाचा गजर लावूनच बसतो.

स्वाध्याय : खाणीची किंमत १२,०००, उत्पादन सेकंदाला ४७. पाच शेते झाल्यावर सहावे शेत घ्यावे की पहिली खाण?