यात्रेआधी गाडी तपासू या

चैत्री पुनव जवळ आली, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. येरमाळा हे कळंब तालुक्यातलं गाव. तिथं डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ आहे. सारे लोक तिला येडाई म्हणतात. देवीची पालखी आमराईत येते. लोक चुन्याचे खडे वेचतात. पूर्वी या यात्रेला माणसं बैलगाडीनंच जात. आता एस.टी. आहे, जीप आहे, टमटम आहे. तरी काही घरं अजून गाडी जुंपतात. कुणाचा नवस असतो, कुणाला हौस असते, कुणाला बैल देवीच्या दारात न्यायचे असतात.

पण ही गाडी वर्षभर काय करते? शेणखत वाहते, कडबा वाहते, आणि काम नसलं की गोठ्यामागे उन्हात उभी राहते. शेतात गाडी मोडली, तर हाकेला भाऊबंद येतात. चढावर मोडली, गाडीत बायका-पोरं बसलेली असली, आणि मागून मालट्रक येत असला, तर काय? म्हणून यात्रेआधी पंधरा दिवस गाडी तपासायला हवी. ती कशी तपासायची ते या धड्यात वाचू.

आधी चाक पाहू. लाकडी चाकाचं सारं बळ धावेत असतं. धाव म्हणजे चाकावरचा लोखंडी पाटा. चाक अनेक तुकड्यांचं असतं. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आणि आऱ्यांवर लाकडाच्या तुकड्यांचा गोल. या सगळ्यांना धाव बाहेरून आवळून धरते. धाव सैल झाली, की चाक खिळखिळं झालंच म्हणून समजा.

आणि धाव सैल होते ती नेमकी चैतात. उन्हानं लाकूड वाळतं. वाळलं की ते आक्रसतं. लोखंडाचं उलटं आहे. ऊन लागलं की लोखंड थोडं वाढतं. आतलं लाकूड बारीक झालं, बाहेरची धाव मोठी झाली, मग दोघांत फट पडणारच. यात्रा उन्हाळ्यात येते. म्हणून पावसाळ्यात धड चाललेलं चाक यात्रेच्या वाटेवर दगा देतं.

धाव सैल आहे का, हे कानानं कळतं. गाडीला टेकू द्या. चाक उचला आणि हातानं फिरवा. फिरत्या चाकाच्या धावेवर लहान हातोडी हलकेच मारा. खणखणीत आवाज आला तर धाव घट्ट आहे. बद्द आवाज आला तर तिथं फट आहे. मग एकेक आरा हातानं हलवून पाहा. आरा तुंब्यात हलत असेल, तर तो सुताराचा विषय आहे. खिळा ठोकून किंवा पाचर मारून वेळ मारून नेऊ नये.

काही लोक चाक रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसल्यासारखी वाटते. पण दोन दिवस उन्हात चाललं, की लाकूड पुन्हा वाळतं. वाटेत धाव निघते. पाण्यात बुडवलेलं चाक घरापासून शेतापर्यंत चालेल. येरमाळ्याच्या वाटेवर त्याचा भरवसा आम्ही धरणार नाही.

खरा उपाय म्हणजे धाव उतरवून पुन्हा चढवणं. लोहार आधी चाकाचा घेर मोजतो, मग धावेचा. धाव थोडी कापून पुन्हा जोडतो, म्हणजे ती चाकाहून किंचित लहान होते. तुम्ही म्हणाल, लहान धाव मोठ्या चाकावर बसणार कशी? इथंच अग्नीची करामत आहे. धाव जमिनीवर आडवी ठेवतात. तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवतात. धाव लालबुंद झाली की वाढते. १५ फूट घेराची धाव ५०० अंश तापली, तर सुमारे एक इंच वाढते. तेवढं पुरे होतं. तीन-चार गडी सांडशीनं धाव उचलतात, चाकावर टाकतात, घण मारून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव थंड होते आणि आक्रसते. सांध्यातून करकर आवाज येतो आणि सगळे तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. हा आवाज ऐकायला पोरं लोहाराच्या अंगणात गर्दी करायची. आता असं काम करणारे लोहार थोडेच राहिलेत. तुमच्या पंचक्रोशीत कोण आहे, ते आधी विचारून ठेवा. यात्रेच्या आदल्या दिवशी गेलात, तर नंबर लागायचा नाही.

चाकाबरोबर आख पाहा. चाक दोन हातांनी धरून आत-बाहेर ढकला. फार डुगडुगत असेल, तर आखाचं टोक किंवा तुंब्यातली लोखंडी नळी झिजली आहे. जुनं वंगण खरवडून काढा. त्यात माती असते, आणि मातीचं वंगण कानशीसारखं लोखंड खातं. चिंधीनं पुसून नवं वंगण भरा. आखाच्या टोकाची खीळ पाहा. ती चार बोटं लांबीची असते, पण ती निघाली तर चाक निघतं. वाकलेली खीळ टाकून द्या. एक खीळ जादा बरोबर घ्या.

आता सुधारणेचं बोलू. आपल्याकडं असं बोलतात, की बैलगाडी वाडवडलांनी केली, तिच्यात काय बदलायचं? पण वाडवडलांनीच ती बदलत आणली. प्रवरेकाठी दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथं १९७४ साली काशाचा एक लहान रथ सापडला. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत आणि वर माणूस उभा आहे. तो साडेतीन हजार वर्षांहून जुना असावा, असं जाणकार मानतात. त्या रथाची चाकं भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत. आऱ्यांनी चाक हलकं झालं, धावेनं टिकाऊ झालं. मग रबरी टायर आला आणि ओढायला सोपं झालं. रबरी चाकाची गाडी खड्ड्यात आदळत नाही, भुसभुशीत मातीत रुतत नाही, आणि बेअरिंग असल्यानं बैलांना जोर कमी लागतो.

म्हणून जुन्या गाडीला टायर बसवावे का? पैसे असतील तर जरूर बसवावे. पण त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

लाकडी चाक पाच फुटांपर्यंत उंच असतं. जीपचा टायर त्याच्या निम्म्याएवढाच. नुसता आख बदलला, तर गाडी मागच्या बाजूला खाली बसते आणि दांडी आभाळाकडं तोंड करते. जू वर उचललं जातं. गळ्याखालचा पट्टा बैलाच्या गळ्याला आवळतो. म्हणून आख आणि साटा यांच्यामधे उंचवटा देऊन दांडी पहिल्या उंचीवर आणावी लागते. हे न करता गाडी हाती देणारा कारागीर स्वस्त वाटतो, पण त्याची किंमत बैल भरतो.

दुसरी गोष्ट टायर. जुने टायर घेतले, तर दोन्ही एका मापाचे घ्या. रबर वाकवून पाहा. उन्हानं भेगा पडल्या असतील तर नको. पंप आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. टायरची गाडी सहज चालते, म्हणून ती सहज थांबत नाही. उतारावर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. बैल पाय रोवतात, घसरतात, आणि कधी गाडी त्यांच्या अंगावर जाते. टायर बसवले तर ब्रेक बसवलाच पाहिजे. लोहाराकडून चाकावर दाबणारा ब्रेक करून घ्या आणि रिकाम्या गाडीवर गावातल्या उतारावर आजमावून पाहा. टायरला पैसे आहेत आणि ब्रेकला नाहीत, असं असेल तर लाकडी चाकच बरं, असं आमचं मत आहे.

रंगाचं विचाराल, तर रंग शेवटी. रंगवलेल्या साट्याखाली मोडका आख आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

जू मात्र रोज हात फिरवून पाहा. मानेला लागतं तिथं कूस किंवा खिळा असेल तर घासून काढा. बैलाच्या मानेवर सूज किंवा जखम असेल, तर ती बरी होईपर्यंत त्याला जुंपू नका. मग यात्रा एस.टी.नं करावी. देवी रागावणार नाही. जोडीत एक बैल कमजोर असेल, तर जुवाची मधली बांधणी ताकदवान बैलाकडं दोन बोटं सरकवा. कमजोर बैलाच्या बाजूला जू लांब होतं आणि त्याच्यावरचा भार घटतो. डांबरी रस्ता लांबचा असेल, तर दोघांना पत्र्या मारून घ्या.

ओझं भरताना पुढं-मागं बेतानं भरा. बैल जुंपण्याआधी जू हातानं उचलून पाहा. एका माणसाला थोड्या जोरानं उचलता आलं, तर भरणी बरोबर आहे. आपोआप वर गेलं, तर ओझं मागं जास्त झालं.

सोलापूर-बीड हमरस्ता येरमाळ्यावरून जातो. त्यावर रात्री वाहनं भरधाव धावतात. बिनदिव्याची गाडी त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसते. गाडीच्या मागं लाल आणि पुढं पांढरी चमकपट्टी लावा. ती थोड्या पैशांत मिळते. दिवा पडला की ती चमकते. मागं एक लाल दिवाही टांगा. गाडीत कडबा असतो, म्हणून उघडा कंदील नको, बॅटरीचा दिवा बरा.

आता वेळेचं. ओढकामाच्या जनावरांसाठी सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. बैलाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त राबवू नये. सलग ५ तासांपेक्षा जास्त चालवू नये. आणि जिथं उन्हाचा पारा ३७ अंशांवर जातो, तिथं दुपारी १२ ते ३ जुंपू नये. चैतात आपल्याकडं पारा ३७ च्या वर सहज जातो. म्हणून पहाटे निघा, दुपारी झाडाखाली सोडा, ऊन उतरल्यावर पुन्हा जुंपा.

आता तुम्हांला लिहिता येतं. तेव्हा ही यादी कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा: धाव, आरे, आख, वंगण, जादा खीळ, ब्रेक, जू, पत्र्या, चमकपट्टी, दोर, पाण्याची घागर. जे झालं त्यावर काट मारा.

हिशेब करा: गाडी ताशी ३ किलोमीटर चालते. यात्रा २४ किलोमीटरवर आहे. पहाटे ५ ला निघालात आणि सकाळी १० ला बैल सोडले. दुपारी ४ ला पुन्हा जुंपले. किती वाजता पोचाल? दिवसात बैल एकूण किती तास चालले?