भरउन्हाळ्यांतील मजुरी आणि जमीनधारकाचें हित

लोकशाही समाजवाद हा शब्द कानीं पडतांच आमचे कित्येक जमीनधारक बंधू दचकतात. आपला सातबारा आतां सरकारजमा होणार, असें त्यांस वाटूं लागतें. वस्तुतः या विचाराचें महाराष्ट्रांत जें एक भरीव फळ निपजलें, त्यानें कोणाची गुंठाभरही जमीन घेतली नाहीं. तें म्हणजे रोजगार हमीचा कायदा.

विधानपरिषदेचे तत्कालीन सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत या कल्पनेचा प्रयोग आरंभिला. पुढें १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें राबत होतीं, आणि एवढें अवर्षण असूनही पूर्वींच्या दुष्काळांसारखी भूकबळींची रीघ लागली नाहीं. हा अनुभव पाठीशीं घेऊन १९७७ सालीं विधिमंडळानें कायदा संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. प्रौढ ग्रामस्थानें अंगमेहनतीचें काम मागितल्यास पंधरा दिवसांत तें द्यावें, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असें त्यांत बंधन होतें. २००५ सालीं संसदेनें देशभर असाच कायदा केला, मात्र त्यांत कुटुंबामागें वर्षाला १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यांत दिवसांची मर्यादा नव्हती.

पैसा कोठून आला, हें पाहण्याजोगें आहे. १९७५ सालीं व्यवसायकराचा कायदा झाला. त्या उत्पन्नांत राज्यानें आपली भर घालावी, अशी योजना होती. म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यांतील पगारदाराच्या वेतनांतून कापलेला कर खेड्यांतील बांधावर येऊन पडावयाचा. आमच्या उल्हास नदीचें पाणी जांभूळ येथें शुद्ध होऊन कारखान्यांकडे व शहरांकडे जातें. शहरानें त्या बदल्यांत कांहीं परत केलें, तर त्यांत उपकार कसला?

आतां मुख्य आक्षेप. सरकारी काम निघालें म्हणजे मजूर महाग होतो व आवणीस माणूस मिळत नाहीं, असें म्हणतात. हा आक्षेप ऋतुमान विसरून केलेला आहे. भात झोडून झालें, कोठें वाल पेरले, कीं आपल्या शिवारांत पुढील पावसापर्यंत मजुरास देण्याजोगें फारसें काम उरत नाहीं. तेव्हां कातकरी कुटुंब पावसाळ्यांत घेतलेली उचल फेडण्यासाठीं मुलांबाळांसह वीटभट्टीवर जातें. उन्हाळाभर भट्टीवर झिजलेला मजूर आवणीस काय उपयोगी? याउलट गांवांतच मजगी, बांधबंदिस्ती व तळीं यांचें काम निघालें, तर तो पावसाच्या तोंडीं गांवींच असतो, आणि त्याच्या बांधानें माती आपल्याच खाचरांत राहते. १९९० पासून तर या योजनेशीं फळबाग लागवड जोडली गेली, आणि कोंकणांतील वरकस जमिनींवर आंबा व काजू उभे राहिले. त्या बागा जमीनधारकांच्याच आहेत. मजुरी थोडी चढेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याची शेती मजुराच्या उपासावरच चालते, त्याच्या तोट्याचें आम्हांस फारसें वाईट वाटत नाहीं.

दोषही पाहिले पाहिजेत. हजेरीपटावर खोटीं नांवें, अर्धवट सोडलेले पाझर तलाव, महिनोन् महिने अडलेली मजुरी. १९८८ सालीं किमान वेतन दुप्पट झालें, आणि त्यानंतर कामावरील माणसांची संख्या घटली. हक्क कागदावर तसाच राहिला, पण काम मागणाऱ्यास तें मिळेनासें झालें. येथेंच लोकशाही या शब्दाची कसोटी लागते. हजेरीपट ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि काम कोणाच्या शेतांत निघावें हें गांवाच्या पुढाऱ्यानें घरीं बसून ठरवूं नये.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमींच्या तारखा आहेत. ज्यांचा बांध फुटला असेल त्यांनीं कामांच्या यादींत नोंद होईल असें त्यापूर्वींच पाहावें, आणि वाडीवरच्या मजुरांसही सभेस सोबत आणावें.